देणे फिटत नाही तेव्हा

हलकर्णीचा दौलत सहकारी साखर कारखाना कर्जाच्या भाराखाली बसला, तेव्हा त्याचे पुढे काय करावयाचे याचा खल सर्वांच्या देखत झाला. कोल्हापूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने आपल्या येणे रकमेपोटी कारखाना ताब्यात घेतला, तो चालवावयास देण्यासाठी निविदा काढल्या, एक भाडेकरू येऊन गेला, दुसरा आला, आणि २०१९ पासून अथर्व इंटरट्रेड या कंपनीने तो दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतला. या साऱ्या व्यवहारावर चंदगड तालुक्यात वादंग माजले, सभा झाल्या, आरोप-प्रत्यारोप झाले. परंतु कारखान्याचे देणे थकले ही गोष्ट हिशेबाची आहे आणि तिच्यावरचा तोडगाही हिशेबानेच काढावयाचा आहे, याविषयी कोणाच्या मनात संदेह नव्हता.

त्याच तालुक्यातील एखाद्या कुटुंबाचे देणे थकले म्हणजे मात्र हिशेब बाजूला पडतो आणि अब्रूचा प्रश्न उभा राहतो. घरचा कर्ता माणूस ही गोष्ट आधी बायकोपासून लपवितो, मग भावकीपासून; सोसायटीच्या सचिवासमोर जाण्याचे टाळतो, बाजाराला जाण्याची वाट बदलतो; आणि ज्या काळात चार शब्द बोलून, एखादा अर्ज देऊन काही मार्ग निघण्याजोगा असतो, तो सारा काळ मौनात घालवून, दारात जप्तीची नोटीस चिकटते त्या दिवशी तो एकटा पडतो. कित्येक जण त्यानंतर गाव सोडतात आणि काही जण देहच सोडतात. संस्थेला जी वागणूक आपण स्वाभाविक मानतो ती माणसाला नाकारावी, यात मला घोर अन्याय दिसतो. फेडता न येणारे कर्ज हे पाप नव्हे. ते लपविणे, त्याच्यावर दुसरे कर्ज चढविणे आणि त्याचा भार न सांगता तिसऱ्याच्या माथी मारणे, यांत मात्र दोष आहे. आणि तो दोष टाळता येईल अशी वाट कायद्याने व समाजाने मोकळी ठेवलेली नाही, हा त्याहून मोठा दोष आहे.

चंदगडचे कर्ज कसे असते हे आधी पाहिले पाहिजे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तेवढा कोल्हापुरास जोडला गेला. तेव्हापासून येथील माणसाची पेठ बेळगावची, कचेरी शंभर किलोमीटरांहून लांबच्या कोल्हापूरची आणि पोटाचा धंदा निम्मा गोव्यात नि निम्मा मुंबईत अशी वाटणी होऊन बसली आहे. कर्जाचीही तशीच वाटणी झाली आहे. पीककर्ज गावच्या विकास सोसायटीचे, घराच्या बांधकामासाठी पतसंस्थेचे, दवाखान्याच्या वेळी दागिने ठेवून काढलेले बेळगावातले, मोटारसायकलीचे एखाद्या फायनान्स कंपनीचे, बायकोच्या नावावर गटाचे, आणि या सर्वांचे हप्ते जुळविता जुळविता मुंबईच्या भावाकडून घेतलेले हातउसने. यांतील एकाही सावकाराला दुसऱ्याचे पुरते ठाऊक नसते. आणि या सर्वांची एके ठिकाणी लिहिलेली यादी बहुधा खुद्द ऋणकोपाशीही नसते. ती करण्याचे धैर्य ज्या दिवशी होते, त्या दिवशी अर्धे काम झालेले असते, असे मला वाटते.

सोसायटीतील ‘नवं-जुनं’ या नावाने ओळखला जाणारा व्यवहार ज्यांनी जवळून पाहिला असेल, त्यांना या कर्जाची जात अधिक नेमकी कळेल. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर व्याजाच्या सवलतीमुळे ते शेतकऱ्याला बिनव्याजी पडते. म्हणून मार्चअखेर किंवा जूनअखेर जवळ आली की ज्याच्या हाती रोकड नाही असा शेतकरी चार-आठ दिवसांसाठी खाजगी सावकाराकडून रक्कम उचलतो, सोसायटीत भरतो, खाते बेबाक झाल्याचे दिसते, आणि लगेच त्याच सातबाऱ्यावर नवी उचल घेऊन ती सावकाराच्या हाती ठेवतो. कागदावर कर्ज फिटले, पुन्हा मिळाले आणि वसुलीची टक्केवारीही उत्तम राहिली. प्रत्यक्षात मुद्दल जागचे हललेले नसते, आणि त्या आठ दिवसांचे व्याज, सचिवाच्या ओट्यावर घातलेल्या खेपा व सावकाराचे मिंधेपण एवढे मात्र पदरात पडलेले असते. एखाद्या वर्षी नवी उचल मंजूर व्हावयास विलंब लागला, किंवा मर्यादेत कपात झाली, की आठ दिवसांचे हातउसने आठ महिन्यांचे सावकारी कर्ज होते. घरे खचतात ती बहुधा या फटीतून.

ऊसकरी शेतकऱ्याची स्थिती तर याहून विचार करण्याजोगी आहे. त्याचे पीककर्ज सोसायटीचे, आणि त्याची वसुली परस्पर कारखान्याच्या ऊसबिलातून होते. कोल्हापूर जिल्ह्यातील वसुलीचा जो लौकिक आहे त्याचे मूळ पुष्कळ अंशी या परस्पर कपातीत आहे. आता कारखान्यानेच बिल थकविले तर? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस तुटून गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावयाचे असतात, आणि विलंब झाला तर वर्षाला शेकडा पंधरा दराने व्याज द्यावे लागते. हे व्याज पदरात पडलेला शेतकरी शोधूनच काढावा लागेल. परंतु सोसायटीची मुदत टळली की त्याच शेतकऱ्याची व्याजसवलत बुडते, तो थकबाकीदारांच्या यादीत जातो, आणि पुढच्या हंगामाचे खत त्याला उधारीने आणावे लागते. येथे ज्याला आपण कर्जबुडवा म्हणू पाहतो तो वस्तुतः धनको आहे. त्याचे येणे बुडाले म्हणून त्याचे देणे थकले. नीतीची चर्चा करणाऱ्याने या माणसाकडे पाहून आधी स्वतःला विचारावे, की कर्जफेडीचे कर्तव्य या साखळीत नेमके कोणी मोडले?

ऋण फेडलेच पाहिजे हा संस्कार आपल्यात खोल आहे, आणि तो तसा असावा अशीच माझी धारणा आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी जीवनाचीच मांडणी ऋणाच्या भाषेत करणाऱ्या समाजाने दिलेल्या शब्दाला हलके मानावे हे शोभणार नाही. आणि ज्या सहकारी संस्थांनी सावकाराच्या कचाट्यातून गावे सोडविली त्यांचा पैसाही अखेर शेजाऱ्याच्या ठेवीचा असतो, हेही विसरून चालणार नाही. परंतु याच परंपरेने ऋणाला सीमाही घातली होती. व्याजाची रक्कम एका वेळी मुद्दलाहून अधिक मागता येणार नाही, हा दामदुपटीचा नियम आपल्या धर्मशास्त्राने सांगितला, मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी तो हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मान्य केला, आणि सावकारीच्या आजच्या कायद्यातही तो कायम आहे. रिझर्व्ह बँकेने लहान व अत्यल्प भूधारकांच्या अल्पमुदतीच्या शेतीकर्जाला तोच दंडक लावलेला आहे. बापाचे कर्ज मुलाने फेडणे हे तर पुत्रधर्माचे अंग मानले जाई, आणि न्यायालये त्या धर्माचा आधार घेऊन हुकूमनामे देत असत. २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन ही गोष्ट थांबली. त्यानंतरच्या कर्जासाठी केवळ या पुत्रधर्माच्या आधारावर मुलाविरुद्ध किंवा नातवाविरुद्ध वसुली करता येत नाही. वारसाने जेवढी मिळकत घेतली असेल तेवढ्यापुरतेच त्याचे दायित्व. तरीही तेराव्याच्या आत दारात येऊन बसणारे वसुलीदार आणि त्यांना घाबरून कोऱ्या कागदावर सह्या करणारी पोरवयाची मुले आजही दिसतात. कायदा झाला, पण तो घरापर्यंत पोहोचला नाही.

तुकोबांचे चरित्र महाराष्ट्राला नव्याने सांगण्याचे कारण नाही. महाजनकी असलेल्या घरातील या पुरुषाने दुष्काळात स्वतःचे दिवाळे अनुभवले; आणि पुढे घरातील कर्जखतांची वाटणी करून, भावाचा हिस्सा भावाला देऊन, आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. मला या कथेतील वाटणीचे महत्त्व फार वाटते. दुसऱ्याच्या हक्कावर त्यांनी उदारपणा केला नाही. आपले जे होते तेवढ्यावर पाणी सोडले. कर्जमाफीच्या आजच्या राजकारणाने एवढा एक विवेक उचलला असता तरी पुष्कळ झाले असते.

याच्या अगदी उलट बाजूचा प्रसंग म्हणजे १८७५ चा. त्या वर्षी १२ मे रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठून खते जाळली आणि पाहता पाहता हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. त्या उद्रेकातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा जन्मास आला. न्यायालयाने खतावरील आकडा डोळे मिटून मान्य न करता मूळ व्यवहार किती रकमेचा होता हे खोदून पाहावे, हप्ते बांधून द्यावेत, देण्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकू नये, आणि दावा करण्यापूर्वी समेटाचा यत्न व्हावा, अशी त्याची रचना होती. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. सावकाराचा हक्क बुडवावा असे त्या कायद्यात नव्हते. हक्काला चौकशीची आणि माणुसकीची अट घालावी एवढेच त्यात होते, आणि दीडशे वर्षांनंतर आपण ज्याची मागणी करावी ती गोष्ट त्याहून फारशी निराळी नाही.

न देणारा आणि देऊ न शकणारा यांतला भेद आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या प्रकरणात स्पष्ट केला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या त्या निर्णयाप्रमाणे, केवळ देण्याची ऐपत नाही म्हणून ऋणकोला दिवाणी तुरुंगात घालता येत नाही. ऐपत असून तो अप्रामाणिकपणे टाळतो आहे, हे दिसले पाहिजे. स्त्रीला तर पैशाच्या हुकूमनाम्यापोटी अटक करताच येत नाही. दिलेला धनादेश न वटणे हा मात्र फौजदारी गुन्हा आहे, आणि म्हणूनच कोरे धनादेश सही करून देण्याची पद्धत ऋणकोला घातक ठरते, हे येथेच सांगितले पाहिजे.

हा भेद मान्य केला म्हणजे ऋणकोची जबाबदारी संपत नाही, उलट ती नीट ठरते. माझ्या मते, ज्याला देणे फिटणार नाही हे दिसू लागले, त्याचे पहिले कर्तव्य अन्न, औषध आणि मुलांचे शिक्षण यांना हप्त्याच्या आधी ठेवणे हे आहे. हे वाचून कोणाला धक्का बसेल. परंतु आजारी आईचे औषध बंद करून भरलेला हप्ता हा कोणत्याही शास्त्राने पुण्य मानलेला नाही. दुसरे कर्तव्य, जुने फेडण्यासाठी नवे न काढण्याचे. कारण आपण फेडू शकणार नाही हे मनाशी जाणून घेतलेले कर्ज हे खरोखर फसवणुकीच्या जवळ जाते. तिसरे, जमीन किंवा घर घाईने नातेवाइकाच्या नावे करून सावकाराला हुलकावणी न देण्याचे.

आणि चौथे, ज्याविषयी आपल्याकडे फार थोडे बोलले जाते, ते जामीनदाराविषयीचे. पतसंस्थेच्या कागदावर जामीन म्हणून सही करणारा माणूस बहुधा शिक्षक, एसटीतला वाहक किंवा कारखान्यातला कायम कामगार असतो. त्याला व्यवहारातून एक पैसा मिळालेला नसतो. मैत्रीखातर, भावकीखातर, नाही म्हणता आले नाही म्हणून त्याने सही केलेली असते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे त्याचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच, आणि ज्याचा पगार निश्चित त्याच्याकडून वसुली सोपी, म्हणून संस्था आधी त्याच्याच पगारावर हात घालते. त्या मनुष्याच्या घरी चूल कशी पेटते याची ऋणकोला जाणीव असते आणि तरी तो त्याला तोंड दाखवीत नाही, हे माझ्या दृष्टीने कर्ज न फेडण्याहून अधिक लाजिरवाणे आहे. बँकेला हप्ता देता येत नसेल तर नसो. पण जामीनदाराच्या घरी स्वतःहून जाऊन खरी परिस्थिती सांगणे, त्याला आधीच सावध करणे, आणि हाती येईल त्यातून पहिली परतफेड त्याची करणे, हे ज्याला जमत नाही त्याने आपल्या असहायतेचा हवाला देऊ नये.

धनकोच्या कर्तव्यांविषयी बोलावयाचे तर गटकर्जाकडे पाहिले पाहिजे. एखाद्या वाडीवर भरणारी वसुलीची बैठक पाहा. काजूच्या कारखान्यात कामाला जाण्याआधीची वेळ. ओट्यावर दहा-बारा बायका, प्रत्येकीच्या हातात हप्त्याचे कार्ड आणि पदराच्या गाठीत मोजून आणलेल्या नोटा. कंपनीचा तरुण कर्मचारी, तोही कुठल्याशा खेड्यातलाच, नावे पुकारतो आहे. एकीचा हप्ता आलेला नाही. रक्कम पूर्ण झाल्याविना कोणी उठावयाचे नाही, असे तो सांगतो. कामावर खाडा पडण्याच्या भीतीने बायका आपसांत वर्गणी काढतात. आणि मग त्यांतल्या दोघी-तिघी त्या गैरहजर बाईच्या दारात जातात, आणि काल जिच्याकडून विरजण आणले तिला चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात. आपल्या बचतीवर उभ्या राहिलेल्या, एकमेकींना आधार देणाऱ्या खऱ्या बचत गटांशी या कर्जगटांचे काही नाते नाही. लोक दोघांनाही एकाच नावाने ओळखतात हे दुर्दैव. सामूहिक हमीच्या या युक्तीने कंपनीची वसुली सुलभ झाली, आणि शेजारधर्म मोडला.

रिझर्व्ह बँकेने २०२२ साली या कर्जांसाठी जे निर्देश दिले, त्यांत वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे तारणाविना दिलेले कर्ज हे सूक्ष्मकर्ज ठरविले आहे. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत असे सांगितले आहे. सकाळी नऊच्या आधी व सायंकाळी सहाच्या नंतर फोन करणे, नातेवाइकांना छळणे, ऋणकोचे नाव जाहीर करणे यांस मनाई केली आहे. वसुली दोघांनी मिळून ठरविलेल्या जागी व्हावयाची, घरी जावयाचे ते ऋणको लागोपाठ दोनदा तेथे आला नाही तरच. हे नियम चांगले आहेत. परंतु ज्या बाईला चौथ्या कंपनीने पहिल्या तिन्ही कंपन्यांचे हप्ते उघड दिसत असताना कर्ज दिले, तिला ‘तू फेडू शकत नव्हतीस तर घेतलेस कशाला’ असे विचारण्याचा अधिकार त्या कंपनीला उरत नाही, एवढे नीतीचे तत्त्व या नियमांतून निघते आणि ते आपण मोठ्याने म्हटले पाहिजे. ज्याने ऐपत न पाहता कर्ज दिले त्याने बुडिताचा वाटा उचलावा, हे न्याय्य आहे.

आता उपायांकडे. ते आहेत, आणि पुष्कळांना ठाऊक नाहीत.

खाजगी सावकाराविषयी बोलताना एवढे सांगणे अवश्य आहे, की महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याविना सावकारी करणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा अपराध आहे. परवानाधारकालाही शासनाने ठरविलेल्या दरापेक्षा अधिक व्याज घेता येत नाही. बिगरशेती, विनातारण कर्जालाही वर्षाला शेकडा अठराची मर्यादा आहे, आणि खेडोपाडी चालणारा दर महिन्याला शेकडा पाच-दहा असतो. सावकाराने कर्जापोटी जमीन खरेदीखताच्या आडून लिहून घेतली असेल, तर पंधरा वर्षांच्या आतल्या व्यवहाराची चौकशी करून ती परत देववण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांना आहे. तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात साध्या कागदावर तक्रार देता येते.

बँक किंवा संस्था असेल तर, नोटीस येण्याच्या आधी लेखी अर्ज द्यावा. हप्त्यांची पुनर्बांधणी मागावी. ती शक्य नसेल तर एकरकमी परतफेडीची तडजोड मागावी. आणि जे काही ठरेल ते लिहून, शिक्क्यानिशी घ्यावे. तोंडी आश्वासनावर दागिने मोडून पैसे भरलेल्या माणसाला पुढे उरलेल्या व्याजाची नोटीस येते, असे अनेकदा घडते. तारण मिळकतीवर न्यायालयाविना टाच आणण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने मिळाला आहे, पण आधी साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि शेतजमिनीला तो कायदा लागूच नाही. दिवाणी हुकूमनाम्याच्या बजावणीतही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमाने काही वस्तू जप्तीबाहेर ठेवल्या आहेत: स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे आवश्यक कपडे, धर्मरूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, गुरे आणि बियाणे, आणि गहाण न टाकलेले त्याचे राहते घर. लोकअदालतीत कोणतीही कोर्ट फी न भरता तडजोड होते. आणि स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना व अल्प उत्पन्न असणाऱ्यांना तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. बँकेने किंवा फायनान्स कंपनीने लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १४४४८ हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आहे.

एक उपाय कटू आहे. जमिनीचा एखादा तुकडा विकून सारे देणे भागत असेल तर तो वेळेवर, स्वतःच्या पसंतीच्या गिऱ्हाइकाला, चालू भावाने विकावा. वाडवडिलांची जमीन विकणे म्हणजे जणू पाप, या भावनेने ती धरून ठेवायची आणि तीन वर्षांनी लिलावात निम्म्या किमतीला घालवायची, यात वाडवडिलांचा कोणता सन्मान होतो?

कर्जमाफीविषयी मी कमी बोलणार आहे, कारण तिच्याविषयी पुष्कळ बोलून झाले आहे. २००८ ची केंद्राची, २०१७ ची दीड लाखापर्यंतची आणि २०१९ ची दोन लाखांपर्यंतची, अशा तीन मोठ्या माफ्या आपण अलीकडच्या काळात पाहिल्या. कोल्हापूर जिल्ह्याचा अनुभव असा, की २००८ च्या माफीतील सुमारे ११२ कोटी रुपयांची रक्कम, मंजूर कर्जमर्यादेपेक्षा अधिक उचल दिली होती या कारणावरून, नाबार्डने पुढे अपात्र ठरविली. आणि आपले देणे फिटले म्हणून निश्चिंत झालेल्या हजारो शेतकऱ्यांच्या नावे ते पुन्हा निघाले. मर्यादेबाहेर उचल दिली ती यंत्रणेने, आणि फास बसला तो ऋणकोला; दाद मागण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. शिवाय माफी मिळते ती पीककर्जाला. काजू फोडणारी बाई, शिनोळीच्या कारखान्यातला हंगामी कामगार, दवाखान्यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढणारा रिक्षावाला, यांना ती कधीच मिळत नाही. नियमित फेडणाऱ्याला पुढे पन्नास हजारांपर्यंतचे प्रोत्साहन देऊन सरकारने त्याची समजूत काढली, हे ठीक झाले. परंतु जो बुडालेला आहे त्याची वैयक्तिक चौकशी करून त्याला सोडविण्याची व्यवस्था यांतून निर्माण झाली नाही.

ती व्यवस्था कायद्याच्या पुस्तकात लिहून ठेवलेली आहे. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत कंपन्यांसाठी एक भाग आहे आणि व्यक्तींसाठी दुसरा. कंपन्यांचा भाग त्याच वर्षी अमलात आला आणि त्याखाली हजारो कोटींची येणी मोठ्या सवलतीने मिटविण्यात आली. व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो केवळ कंपन्यांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. सामान्य माणसासाठी तो आजही बंद आहे. त्यातील ‘नव्या आरंभा’ची जी तरतूद गरिबांसाठी आहे, तिची मर्यादा वार्षिक उत्पन्न साठ हजार, मालमत्ता वीस हजार आणि कर्ज पस्तीस हजार अशी आहे, आणि तिच्यासाठी स्वतःचे घरही नसले पाहिजे, म्हणजे ती उद्या लागू झाली तरी चंदगडच्या एखाद्या गटातील दोन कर्जे असलेली बाई तिच्याबाहेर राहील. तोवर मुंबईबाहेरच्या ऋणकोला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे. पाचशे रुपयांहून अधिक देणे असलेला आणि ते फेडण्यास असमर्थ असलेला मनुष्य त्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करू शकतो, आपली सर्व मिळकत न्यायालयापुढे ठेवून नादार ठरू शकतो, आणि प्रामाणिक वर्तन दिसल्यास काही काळाने बहुतेक देण्यांतून मुक्तही होऊ शकतो. शंभर वर्षांचा जुना, सुस्त, क्वचितच वापरला जाणारा कायदा आहे हा. पण माणूस सर्व काही उघड करतो आणि न्यायालय त्याला संरक्षण देते, हे त्याचे तत्त्व मला कर्जमाफीपेक्षा कितीतरी अधिक नीतिमान वाटते. येथे कोणाला फुकट काही मिळत नाही, आणि कोणाला फासावरही चढावे लागत नाही.

केंद्र सरकारने संहितेचा तो बंद भाग, मर्यादा आजच्या महागाईशी जुळतील अशा वाढवून, अमलात आणावा. राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणी, तहसील कचेरीतच, कर्जात अडकलेल्याची सर्व देणी एका कागदावर मांडून देणारा आणि त्याच्या वतीने सर्व धनकोंशी एकत्र बोलणी करणारा एक जाणता माणूस नेमावा. गडहिंग्लज किंवा कोल्हापूर येथील न्यायालयाची पायरी चढण्याआधीच निम्मी प्रकरणे तेथे मिटतील.

आणि ज्यांच्यावर आज ही वेळ आलेली आहे त्यांना माझी विनंती आहे. आज रात्री घरातल्यांना जवळ बसवून सारी देणी कागदावर लिहा, एकही वगळू नका. उद्या जामीनदाराकडे जा, परवा बँकेत अर्ज देऊन पोहोच घ्या, आणि सावकार दमदाटी करीत असेल तर पोलीस ठाणे व सहायक निबंधक या दोघांकडेही लेखी तक्रार करा. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात डोकावत असेल तर त्याच क्षणी १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते. शेजाऱ्यांनो, तुमच्या आळीतला एखादा माणूस अलीकडे कोणाला भेटेनासा झाला असेल, तर त्याच्याकडे तुम्ही होऊन जा, आणि त्याच्यासोबत बँकेत, कचेरीत जाऊन बसा.